‘माझी मैना’ ही नुसती विरहाची लावणी नव्हे

वाळवा तालुक्यात शिकणाऱ्या माझ्या भाचीने अण्णा भाऊ साठे यांच्या १ ऑगस्टच्या जयंतीसाठी भाषण लिहिले आणि तपासायला माझ्याकडे सांगलीला पाठवले. त्यातला मधला परिच्छेद तिचा नव्हता. व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर तिने जसाच्या तसा उतरवला होता. त्या मजकुराचे म्हणणे असे, की अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही निव्वळ शृंगारिक लावणी आहे. हडसन गाडी, नायलॉन हे शब्द तिच्यात केवळ यमकासाठी आले आहेत. शहर सोडून गावाकडे चला, एवढाच तिचा उपदेश आहे. आणि दीड दिवस शाळेत गेलेल्या शाहिराला राजकीय रूपक सुचणे शक्य नसल्यामुळे संयुक्त महाराष्ट्राचा अर्थ प्राध्यापकांनी मागाहून चिकटवला आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो चुकीचा तर आहेच, शिवाय उद्धट आहे. मैनेची, म्हणजे गावी राहिलेल्या बायकोची, ताटातूट सांगून झाल्यावर शाहीर स्वतःच म्हणतो की तीच गत खंडित महाराष्ट्राची झाली, आणि लगेच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे घेतो. इतके उघड सांगितल्यावर प्राध्यापकाने चिकटवायचे काय? तो भागच नंतर जोडला असेल, अशी शंका कोणाला आली तर त्याने यमक ऐकावे. मैनेचे रूप ‘चंद्राची’वर येते, तिला कबूल केलेले दागिने ‘तोड्याची’, ‘पुतळ्याची’ असे येतात, मुंबई ‘गाडीची’, ‘साडीची’ होते आणि शेवटी ‘महाराष्ट्राची’ येते. सगळी छक्कड (हा शाहिरी गाण्याचा एक प्रकार) एकाच ‘ची’वर तोललेली आहे. हा षष्ठीचा प्रत्यय आहे, म्हणजे मालकीचा. आणि मुंबई कोणाची, हेच तर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातले मुख्य भांडण होते. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या शाहिरांबरोबर लाल बावटा कलापथक उभे करून कामगारांपुढे डफ वाजवणाऱ्या माणसाला राजकारण सुचत नव्हते, असे शाळेचे दिवस मोजून ठरवणाऱ्याला काय म्हणावे?

यमकाच्या मुद्द्याचे उत्तरही इथेच मिळते. या छक्कडीत वस्तूंच्या दोन याद्या आहेत. पहिली मुंबईला निघताना नवऱ्याने मैनेला दिलेल्या वचनांची : शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, सर्जाची नथ. दुसरी मुंबईत डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंची : हडसन गाडी, नायलॉन आणि जॉर्जेटच्या तलम साड्या, बुटांचे जोड, माडीवर माडी. पहिल्या यादीतले काहीही त्याला घेता आलेले नाही आणि दुसऱ्या यादीतले काहीही त्याचे नाही. त्या यादीच्या शेवटी ऐतखाऊ, शिरजोर आणि भांडवलदार येतात. नुसते यमकच जुळवायचे असते, तर ‘साडीची’ला ‘माडीची’ पुरेशी होती. भांडवलदाराला बोलवायचे कारण नव्हते.

गावाकडे परत चला, हा उपदेश तर मला कुठेही सापडला नाही. नवरा-बायकोची ताटातूट गरिबीने केली, असे गाणेच सांगते, आणि ती गरिबी गावातलीच आहे. वाटेगावातून पायी मुंबईला गेलेल्या घरातल्या मुलाने गावाचे गोडवे गावेत, ही अपेक्षा पोट भरलेल्या माणसाचीच असू शकते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. ही छक्कड प्रेमाची आहेच, आणि रूपक काढून टाकले तरी मैनेचा रुसवा काळजाला लागतोच. आमच्या भागातल्या जत्रांच्या स्टेजवर मी ती कैक वेळा ऐकली आहे, आणि बहुतेक वेळा गायक दागिन्यांपर्यंत येऊन थांबला आहे. मजकूर लिहिणाऱ्याने तेवढीच ऐकली असेल, तर ‘शृंगारिक’ हा शब्द त्याला कसा सुचला ते समजते. राहिला लावणीचा शिक्का, त्यावर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

भाचीने तो परिच्छेद खोडला आणि डांग, उंबरगाव कुठे आहेत असे विचारले. महाराष्ट्राच्या नकाशात आधी तिने बराच वेळ शोधले. दोन्ही गुजरातच्या पानावर निघाली.