प्रभावळकरांची मिमिक्री कुणी का करत नाही?

मिमिक्री करणाऱ्या पोरांचे व्हिडिओ तुम्ही पण बघत असाल. निळूभाऊंचा तो खर्जातला ओढलेला आवाज झाला की डॉ. लागूंचं थांबत थांबत बोलणं, मग दादा कोंडके, मग अशोकमामा, मग लक्ष्या. पब्लिक पहिल्याच शब्दाला ओळखतं आणि टाळ्या पडतात. यात दिलीप प्रभावळकर कधी येतात का आठवून बघा. तात्या विंचू येतो, बरेच जण करतात, छान करतात. पण तो तात्या विंचू झाला, प्रभावळकर नाही झाले. स्वतः प्रभावळकर कसे बोलतात, कसे चालतात हे कुणालाच करून दाखवता येत नाही, कारण आपल्याला ते माहीतच नाही. इतकी वर्षं हा माणूस आपल्या घरात येतोय, टीव्हीवरून येतोय, नाटकातून येतोय, सिनेमातून येतोय, आणि तरी त्याची एकही लकब आपल्याकडे राहिलेली नाही, जे काय राहिलंय ते सगळं त्या त्या कॅरेक्टरचं आहे.

माझ्या मते मराठीतल्या कुठल्याही नटाला मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद आहे आणि ती त्यांना कुणी मोठ्याने देत नाही म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

त्यांच्याबद्दल बोलताना लोक लगेच 'बहुरूपी' म्हणतात आणि मग मेकअपचं कौतुक सुरू होतं, विग बघ, दात बघ, चष्मा बघ. अरे पण विग लावून कुणी वेगळा माणूस होतो का? तसं असतं तर प्रत्येक मेकअपमनने एक प्रभावळकर तयार केला असता. मला वाटतं त्यांचं खरं काम आवाजापासून सुरू होतं. त्या माणसाचा श्वास कुठे तुटतो, तो वाक्य पूर्ण करतो की अर्धवट सोडतो, बोलायच्या आधी थांबतो का, हे त्यांचं आधी ठरलेलं असणार आणि विग वगैरे नंतर. 'हसवा फसवी'त त्यांनी सहा भूमिका केल्या, नाटक पण स्वतःच लिहिलेलं. त्यातले कृष्णराव हेरंबकर, म्हणजे ते थकलेले जुने गायक नट, आठवा. हसू तर येतंच, पण हसता हसता आपल्याला त्या म्हाताऱ्याची काळजी वाटायला लागते, त्याचा दम पुरेल ना असं होतं. हे काम दाढीमिशीचं नाही.

तरुणपणी विज्ञानाचं शिक्षण, मग औषध कंपनीतली नोकरी आणि ती सांभाळून नाटकं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली मूळची चेटकीण म्हणजे हेच! आजच्या पोरांना ते नाटक माहितीय, पण पहिली चिंची चेटकीण कुणी केली ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुढे 'वासूची सासू'मध्ये बाईच्या वेषातली धमाल केली ती वेगळीच.

आता टीव्ही. खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय. आपल्याकडे एक पक्का समज आहे की नाटक म्हणजे श्रेष्ठ, सिनेमा म्हणजे मोठा आणि टीव्ही म्हणजे पोटापाण्याचं काम. प्रभावळकरांनी तो समज दोनदा खोटा ठरवलाय, तेही मध्ये वीस-पंचवीस वर्षांचं अंतर ठेवून. पहिल्यांदा चिमणराव. ७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच दशकाच्या शेवटी चि. वि. जोशींचे चिमणराव गुंड्याभाऊ टीव्हीवर आले. ज्यांच्या घरी सेट होता त्यांच्याकडे अख्खी चाळ जमायची असं मोठी माणसं अजून सांगतात. चिमणराव म्हणजे बुजरा, घाबरट, आपण फार शहाणे आहोत असं मनातून वाटणारा मध्यमवर्गीय पुणेकर, आणि शेजारी बाळ कर्व्यांचा धिप्पाड गुंड्याभाऊ. (बाळ कर्वे २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले, तेव्हा किती जणांनी फक्त 'आमचे गुंड्याभाऊ गेले' एवढंच लिहिलं होतं.) लोकांनी पुस्तकात वाचून आपापल्या डोक्यात चिमणराव तयार करून ठेवलेला होता, तो बाजूला सारून स्वतःचा तिथे बसवायचा हे काय खायचं काम नाही. आज कुणीही चि. वि. वाचायला घेतलं की डोळ्यासमोर प्रभावळकर येतात, लेखकाने लिहिलं तेव्हा त्यांचा जन्म पण झाला नसेल.

दुसऱ्यांदा आबा. 'श्रीयुत गंगाधर टिपरे', तेव्हाचं अल्फा मराठी, २००१ साल. केदार शिंदेंचं दिग्दर्शन आणि मूळ लेखन प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या डायरीच्या रूपातल्या पुस्तकाचं. आमच्या घरी टिपरे लागलं की आई हातातलं काम टाकून यायची आणि मध्ये कुणी बोललं तर चिडायची. शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका आणि आबा. एवढंच घर. ना कुणी कुणाच्या दुधात विष घालतंय, ना कुणाची स्मृती जातेय. फार तर घरात एखादी नवीन वस्तू येते, नाहीतर कुणाचा तरी रुसवा होतो आणि त्यावर एपिसोड होतो.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. परत कधी बघाल तेव्हा आबा बोलत नसताना त्यांच्याकडे बघा. शेखर आणि श्यामलाचं काहीतरी चाललंय, कॅमेरा त्यांच्यावर आहे आणि आबा बाजूला बसलेत. त्यांचं ऐकणं चालू असतं. पेपर समोर धरलेला असला तरी लक्ष तिकडे आहे हे कळतं, मुलाची बाजू घ्यायची की सुनेची हे मनात चाललंय हे पण कळतं, आणि तरीही समोरच्या नटाचा सीन ते खात नाहीत. हे फार अवघड आहे हो. कोपऱ्यात बसून हळूच काहीतरी करायचं आणि सगळ्यांचं लक्ष ओढून घ्यायचं, हा तर अनुभवी नटांचा आवडता उद्योग. हा माणूस स्वतः लेखक, टायटल रोल स्वतःचा, मालिकेच्या नावातच स्वतःचं कॅरेक्टर, आणि तरी घरातल्या प्रत्येकाला जागा आहे. आणि वय बघा, ५७. आज त्या वयाचे आपले हिरो पडद्यावर पंचविशीतल्या पोरींबरोबर नाचतायत आणि हे आजोबा होऊन बसले. डायरी लिहिणाऱ्या आबांचं बघून घराघरातल्या आजोबांनी डायऱ्या लिहायला घेतल्या त्या काळात, आमच्या ओळखीतल्याच दोघांनी तरी.

नाटक सिनेमाचं म्हणाल तर एक जोडी सांगतो. जयवंत दळवींचं 'नातीगोती'. मतिमंद मुलाच्या आईबापाची गोष्ट, त्यात प्रभावळकर बाप, स्वाती चिटणीस आई आणि अतुल परचुरे मुलगा. आणि त्याच सुमाराला, ९१ मध्ये, 'चौकट राजा'. इथे प्रभावळकर स्वतः नंदू! म्हणजे एकीकडे ज्या मुलापायी बापाची होरपळ होते तो बाप करायचा आणि दुसरीकडे तसाच मुलगा करायचा. नंदूत कुठेही 'बघा मी किती अवघड रोल करतोय' असं नाही. असे रोल करताना भलेभले नट वाहवत जातात आणि प्रेक्षकाकडून रडू वसूल करतात. नंदूचं हसणं बघून आपल्याला रडू येतं पण नंदू स्वतः मात्र मजेत असतो, त्याला आपली कीव नकोच आहे. मला वाटतं बापाच्या बाजूने ते घर आधी बघितल्यामुळेच हा नंदू इतका खरा झाला असावा. हे माझं मत, त्यांनी कुठे असं सांगितलेलं नाही.

भुतांचं पण एक वेगळं खातं आहे यांचं! 'एक डाव भुताचा'मध्ये अशोकमामांचं भूत ज्याला मदत करतं तो मास्तर, 'पछाडलेला'मध्ये इनामदार भुसनळे आणि मधे 'झपाटलेला'चा तात्या विंचू. तिन्ही भुतांच्याच गोष्टी, पण यांच्या एका भूमिकेचं दुसरीशी काही नातं लागत नाही. तात्या विंचू माणूस म्हणून किती थोडा वेळ दिसतो बघा, पुढे सगळा सिनेमा रामदास पाध्यांच्या बाहुल्याचा आहे. पण सुरुवातीच्या त्या थोडक्या वेळात त्या माणसाची जी जरब बसते आणि नंतर तोच आवाज बाहुल्यातून येतो म्हणून आपण घाबरतो. नाहीतर लाकडी बाहुल्याला कोण घाबरतंय. ९३ साली ज्या पोरांनी तो सिनेमा बघितला त्यांच्या घरात आठवडाभर बाहुल्या कपाटात बंद होत्या.

मग हिंदी. २००२ मध्ये 'एन्काउंटर द किलिंग'मध्ये ते पुनाप्पा नावाचा गँगस्टर होते. २००६ मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधी. २००८ मध्ये 'सरकार राज'मध्ये रावसाहेब, वरून साधा दिसणारा आणि आतून पाताळयंत्री पुढारी. सहा वर्षांत गुंड, महात्मा आणि राजकारणी, चेहरा एकच आणि तिन्हीकडे आपला विश्वास बसतो. याच्यावर आपल्याकडे रकाने भरून लिहून यायला हवं होतं.

'लगे रहो'मधल्या गांधींबद्दल एक बोलतो कारण त्याचं कौतुक होतं पण चुकीच्या कारणासाठी होतं. लोक म्हणतात हुबेहूब गांधी. हुबेहूब गांधी बेन किंग्जलींनी ८२ सालीच करून ठेवलेले होते, ऑस्कर पण मिळालं त्यांना. प्रभावळकरांपुढचं काम वेगळंच होतं. हे गांधी इतिहासातले नाहीत, ते मुन्नाच्या डोक्यातले आहेत, मुन्नाला जेवढं माहिती तेवढंच त्यांना माहिती. त्या पत्रकार परिषदेत डॉक्टर असे प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरं मुन्नाने वाचलेली नाहीत, आणि बापू गप्प होतात. आता विचार करा, नटाला महात्मा गांधी करायचे आहेत, आणि ते एका टपोरीची कल्पना आहेत हे पण करायचंय, आणि प्रेक्षकाला ते शेवटपर्यंत खरे वाटले पाहिजेत. म्हणून तर ते उपदेश करत नाहीत, घरातला एखादा म्हातारा माणूस बाजूला बसून सुचवतो तसं सुचवतात. संजय दत्तसारख्या आडव्या देहाच्या माणसाशेजारी ही छोटीशी मूर्ती उभी असते आणि आपण त्या मूर्तीकडेच बघत राहतो. त्या वर्षीचा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या सिनेमासाठी आणि मराठी 'शेवरी'साठी एकत्र मिळाला. 'शेवरी'चं नाव मात्र कुणी घेत नाही.

माझी तक्रार आहे ती इथेच. मुलाखत असली की तेच दोन प्रश्न, गांधी कसे केले आणि तात्या विंचूचा आवाज काढून दाखवा. 'कथा दोन गणपतरावांची' मध्ये मोहन आगाशे आणि हे समोरासमोर आहेत, त्याबद्दल कुणी विचारत नाही. 'बोक्या सातबंडे' लिहिणारा आणि आबा टिपरे लिहिणारा माणूस एकच आहे, एवढं लिखाण करणारा नट आपल्याकडे दुसरा कोण आहे? लेखक असल्यामुळे त्यांना माणूस आतून सापडतो असं मला कायम वाटत आलंय, पण त्यावर नीट तासभर त्यांच्याशी बोलायला कुणाला वेळ नाही, कारण आवाज काढून दाखवायचा रील जास्त चालतो.

आणि २०२५ मध्ये 'दशावतार' सिनेमा. ८१ व्या वर्षी! कोकणातला दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री, डोळे अधू होत चाललेत आणि रंग लावायचा सोडवत नाही. ज्यांनी दशावतार देवळासमोर बसून बघितलाय त्यांना माहितीय, तिथे नट आपला रंग आपणच लावतो, संवाद पाठ केलेले नसतात, उभ्या उभ्या सुचतील तसे बोलायचे आणि रात्रभर खेळ ओढायचा. असा नट पडद्यावर कुणी करावा तर यांनीच. मला भीती होती की 'नारबाची वाडी'तला नारबाच परत दिसेल, तो पण कोकणातलाच म्हातारा. पण नारबा मिस्कील, जमिनीला चिकटलेला, खोताच्या नाकावर टिच्चून जगणारा. बाबुली वेगळाच, त्याच्या अंगात देव संचारतात आणि खाली उतरला की साधा गरीब बाप. नारबा कुठेही डोकावला नाही. थिएटरात माझ्या मागे बसलेली कॉलेजची पोरं इंटरव्हलला आपसात बोलत होती की हे तेच का रे, गांधीवाले, आणि त्यातला एक ठामपणे नाही म्हणाला.

ज्यांनी 'नातीगोती' किंवा 'हसवा फसवी' मूळ संचात बघितलंय त्यांनी प्लीज कमेंटमध्ये लिहा, कुठल्या थिएटरात बघितलं, कुठला प्रसंग लक्षात राहिला, लांब लिहिलंत तरी चालेल. कुणाकडे चिमणरावच्या वेळच्या आठवणी असतील तर त्या पण पाहिजेत. आणि कुणी पत्रकार मित्र हे वाचत असतील तर एवढी विनंती, त्यांची मुलाखत घ्याल तेव्हा 'शेवरी'बद्दल विचारा.