‘जाऊ दे’ म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी फोंड्याच्या बाजारात गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घ्यायला गेले होते. आंबाडे निवडत होते, तेवढ्यात आमच्या भजनी मंडळातली एकजण भेटली. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "अगो, चवथ तोंडावर आलीय. बाईंचं वय झालंय. आता जाऊ दे ना, मन साफ कर."

माझं मन साफ कर. माझं!

बाजारात तमाशा नको म्हणून मी गप्प बसले. आंबाडे तसेच टाकून घरी आले. पण दिवसभर ते "जाऊ दे" कानात वाजतंय, म्हणून आता रात्री लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०११ पासून या मार्चपर्यंत मला तेवीस निनावी पत्रं आली. पहिलं आलं जत्रेच्या नाटकानंतर आठवड्याने. त्या वर्षी मी गावच्या नाटकात पहिल्यांदा काम केलं होतं. आमच्याकडे जत्रेला मराठी संगीत नाटक म्हणजे काय असतं ते गोंयकाराला सांगायला नको. अख्खा गाव रात्रभर जागा. माझं काम लोकांना आवडलं होतं. आणि मग ते निळं अंतर्देशीय, अडीच रुपयांचं, आत सात ओळी. त्यातली एकही इथे लिहिण्यासारखी नाही. नवरा फाडायला निघाला होता, मी हातातून ओढून घेतलं. तेव्हापासूनची सगळी पत्रं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलीत.

त्यातली दोन तर तिकीट न लावता पाठवलेली. तिकीट नसलं की पोस्ट दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल करतं. म्हणजे मी पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवून माझ्याच चारित्र्यावरची घाण विकत घेतली. असं पत्र नाकारता येतं, हे मला पुढे कळलं. तुम्ही लक्षात ठेवा.

आता वैनीचं सांगते, कारण आजचं सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

वैनी आमची शेजारीण. तोंडाने फटकळ. नळाला पाणी नाही आलं तर पंचापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करील, तोही रस्त्यावर उभी राहून. माझ्या साडीपासून माझ्या माशांच्या हुमणापर्यंत सगळ्यावर तिचं मत, आणि ते तोंडावर. २०१७ च्या पत्रात माझ्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडल्याचा उल्लेख होता. ती गोष्ट तोवर आम्ही चारचौघांत काढलीच नव्हती. भिंतीला भिंत लागलेली, खिडकीतून सगळं ऐकू जातं. मी ठरवून टाकलं, हीच ती.

काही विचारलं नाही, शहानिशा केली नाही. बोलणं कमी केलं. आणि २०१९ च्या नागपंचमीला ती दरवर्षीसारखी पातोळ्यांचं ताट घेऊन आली. हळदीच्या पानांत उकडलेल्या, वर केळीचं पान झाकलेलं. मी आतून ओरडले, "सोप्यावर ठेव." बाहेर गेले नाही. ती थोडा वेळ उभी होती, तिच्या चपलांचा आवाज थोड्या वेळाने गेला. ते ताट संध्याकाळपर्यंत तिथेच पडून होतं. दिवेलागणीला पाहिलं तर उंबऱ्यापासून ताटापर्यंत मुंग्यांची रांग. मी पातोळ्या माडाच्या आळ्यात टाकल्या, ताट घासून तिच्या दारात ठेवून आले, रिकामं. आपल्यात रिकामं ताट कोणी परत करत नाही.

पुढच्या वर्षी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही.

पोलिसांत गेली नव्हतीस का, असं विचारणारे असतातच. गेले होते. "संशय कोणावर?" मी म्हटलं, तेच शोधायला आलेय. "नाव घेऊन या, मग बघू." त्यांचीही अडचण असेल, मान्य करते. कायद्यात निनावी धमकीला कलम आहे. आधी दंड संहितेचं ५०७ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३५१ (४), धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद. पण ते धमकीला. माझ्या तेवीस पत्रांत एकही धमकी नाही. "तूं कोणाकोणाबरोबर" अशी सुरुवात, आणि मग चिखल. लिहिणाऱ्या हाताला कुठे थांबायचं ते नीट ठाऊक होतं.

मग मीच बसले. वेड लागल्यासारखी बसले. एका वहीत प्रत्येक पत्राची तारीख, कुठल्या पोस्टाचा शिक्का, पाकीट की अंतर्देशीय, पेन कुठलं. बहुतेक शिक्के फोंड्याचे, काही म्हार्दोळचे, मडगावचे, एक पणजीचा. अक्षर मुद्दाम वेडंवाकडं, डाव्या हाताने काढल्यासारखं.

पण शुद्धलेखन! "कां", "नाहीं", "तूं". ज्या अनुस्वारांचा उच्चार होत नाही ते १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी काढून टाकले. म्हणजे लिहिणारं माणूस त्याआधी लिहायला शिकलेलं, किंवा त्याआधी शिकलेल्या कोणाच्या हाताखाली शिकलेलं. एवढं मला कळलं होतं. पण डोक्यात वैनी बसलेली ना. मी स्वतःची समजूत काढली की कोंकणी देवनागरीत लिहिणारेही "केलें", "गेलें" असे अनुस्वार देतात, वैनी घरात कोंकणीच बोलते, झालं! पुरावा आपल्याला हवा तसा वाकतो हो.

आणि जे डोळ्यांसमोर होतं ते दिसलं नाही. वैनी चौथी शिकलेली. दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या फॉर्मवर सही करताना माझ्यासमोर तीनदा थांबली होती. ती बाई "व्यभिचारिणी" हा शब्द ऱ्हस्व-दीर्घासकट शुद्ध लिहील? इतका साधा प्रश्न मला इतकी वर्षं पडला नाही. पातोळ्या फेकताना तर नाहीच नाही.

जानेवारीत बाईंचे गुडघे फारच धरले, म्हणून मंडळाचा हिशेब माझ्याकडे आला. बाई म्हणजे आमच्या मंडळाच्या आधार. निवृत्त शिक्षिका, गोड आवाज, कोणाला कधी "अगं" सोडून बोलल्या नाहीत. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय, आणि बदनामीचा दावा माझ्यावर व्हायचा. वर्गणीची वही उघडली. सुंदर अक्षर, पत्रांतल्या अक्षराशी काही संबंध नाही. पान उलटलं, आणि आकडे पाहिले.

अक्षर बदलायचं लक्षात राहतं माणसाच्या. आकड्यांचं राहत नाही. पाकिटावर पिनकोड नेहमी देवनागरीत असायचा, ४०३४०१. गोव्यात आज पिनकोड देवनागरीत लिहिणारे किती सापडतील? आणि त्यातल्या शेवटच्या एकाची शेपटी खाली लांब ओढून डावीकडे वळवलेली. वहीत पानोपानी तोच एक. १०१, १५१, २०१. मी डबा काढून आणला आणि जमिनीवर पाकिटं मांडली, मध्ये वही. हात थरथरत होते.

मग तारखांची वही काढली. पणजीचा शिक्का ज्या दिवसाचा, त्या दिवशी मंडळ भजनस्पर्धेसाठी पणजीला गेलं होतं. मीही त्याच बसमध्ये होते. मला गाडी लागते म्हणून बाईंनी उठून खिडकीची जागा मला दिली होती, आल्याची वडीही दिली होती. आणि पर्समध्ये ते पत्र असणार. माझ्या मांडीला लागून.

हे लिहितानाही पोटात ढवळतं.

लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, एवढ्यावर कोणाचं नाव घेऊ नकोस." खरं होतं तिचं. हस्ताक्षराचं मत कोर्टसुद्धा सांभाळूनच घेतं. मग तिनेच मला इंग्लंडमधलं एक जुनं प्रकरण सांगितलं. ससेक्समध्ये लिटलहॅम्पटन नावाचं समुद्रकाठचं गाव. १९२० च्या सुमाराला तिथे घाणेरडी पत्रं यायला लागली. ईडिथ स्वान नावाच्या बाईने शेजारणीवर, रोझ गुडिंगवर, आळ घेतला. रोझ दोनदा तुरुंगात गेली. ईडिथ दिसायला सालस, शब्द जपून वापरणारी, तर रोझचं तोंड सैल. लोकांना तेवढं पुरलं. शेवटी ईडिथला विकलेल्या टपाल तिकिटांवर पोस्टाने न दिसणाऱ्या शाईची खूण केली, तेव्हा कळलं की पत्रं तीच लिहीत होती. १९२३ साली तिला एक वर्षाची शिक्षा झाली.

मी फोन कानाला तसाच धरून बसले. मला ते सोप्यावरचं ताट दिसत होतं. गुन्हेगार शोधता शोधता मीही तेच केलं होतं जे त्या गावाने केलं. तोंड सैल दिसलं की बोट तिकडे. अहो, जी बाई मनातलं चव्हाट्यावर ओरडून सांगते तिला निनावी पत्र लिहायची गरजच काय? ते लागतं त्यांना, ज्यांनी आयुष्यभर चारचौघांत गोडच बोलायचं ठरवलंय.

तर लेकीने सांगितलं तसं केलं. शाई कुठून आणणार, एक थाप मारली. फेब्रुवारीत बाईंच्या घरी हिशेब विचारायला गेले आणि जाता जाता म्हटलं, "लेक पोर्तुगीज पासपोर्टचं बघतेय, कोणाला सांगू नका हां." थाप होती. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. बारा मार्चला तेविसावं पत्र आलं. "आतां देश सोडून पळायची वेळ आली कां." अनुस्वारासकट.

मी सरळ गेले त्यांच्याकडे. एका हातात वही, एका हातात पत्र. दोन्ही टेबलावर ठेवलं. बाईंनी चष्मा पुसला, लावला, दोन्हीकडे सावकाश पाहिलं. मला वाटलं रडतील, ओरडतील, नाही म्हणतील. म्हणाल्या, "चहा घेशील?"

मी निघून आले. त्यानंतर पत्र नाही.

का लिहीत होत्या? माझा एक अंदाज आहे, नाटकाशी संबंधित आहे, तो माझ्यापाशीच राहू दे. त्या एकट्या असतात, मुलं परदेशी, गुडघे गेलेले, सगळं मला दिसतं. दया येत नाही असंही नाही. पण म्हणून "जाऊ दे" कोणी म्हणायचं? मी म्हणेन, मला म्हणायचं असेल तेव्हा. बाजारात आंबाडे घेता घेता तुम्ही नाही म्हणायचं. ज्या बाईला चौदा वर्षं पोस्टमनची सायकल वाजली की घाम फुटायचा, तिला तुम्ही सांगता मन साफ कर? त्या पत्रांनंतर मी नाटकात कधी काम केलं नाही, हे तुमच्यातल्या कोणाच्या लक्षात तरी आलं का? "कोण असेल ते असो, दुर्लक्ष कर" असं मला इतकी वर्षं तुम्हीच सांगत होतात. मी दुर्लक्ष केलं असतं तर आज नाव कळलं नसतं, आणि मरेपर्यंत मी वैनीलाच ती समजत राहिले असते.

मला शोधायचं होतं ते सूड घ्यायला नाही हो. एकीचं नाव कळेपर्यंत सगळा गाव संशयात असतो. देवळात प्रसाद घेताना हात कोणाचा ते बघायचे मी. लग्नात कोणी गोड बोललं की वाटायचं, हीच का? ते संपावं म्हणून शोधलं.

आणि खरं तर हे सगळं आज लिहिलं नसतं. पण बाजारातून आले ती तशीच वैनीकडे गेले. मार्चपासून जायचं होतं. पाय उचलत नव्हते. या नागपंचमीला पातोळ्या केल्या, ताट भरलं, झाकलं, आणि तिच्या दारापर्यंत जाऊन परत आणलं. आज हात रिकामेच होते, तशीच गेले.

ती सुपारी सोलत होती. मी सगळं सांगितलं. पत्रं, डबा, तिच्यावरचा संशय, मुंग्या, माडाचं आळं, सगळं. एकदाही मध्ये बोलली नाही. वैनी आणि मध्ये बोलत नाही! मी रडत होते, ती आडकित्ता हातात धरून माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली,

"स वर्सां गे? आनी हांवें म्हळें, तुका पातोळ्यो आवडनात."