अर्ध्या तासाचे धन्वंतरी

गार असताना आमच्या पद्मिनीइतकी, म्हणजे जुन्या फियाटइतकी, गुणी गाडी अख्ख्या बेळगावात नाही. चोक ओढा, किल्ली फिरवा, पहिल्या फटक्यात चालू. टिळकवाडीतून शहापूरला कुंदा आणायला जा, कॅम्पात चक्कर मारा, काही तक्रार नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेलं, 1089 सीसीचं ते इंजिन इतकं शांत गुरगुरतं, की समोरच्या गॅलरीतल्या अंबॅसडरवाल्या काकांनाही नाक मुरडायला कारण सापडत नाही.

नाटक सुरू होतं निपाणीहून परत येताना. तवंदी घाटाचा चढ लागला, की आधी एक बारीकशी उचकी. मग दुसरी. मग सायलेन्सरमधून असा बार, की मागच्या सीटवरची आत्या स्तवनिधीच्या दिशेनं हात जोडते. अ‍ॅक्सिलेटर पार फळीला टेकवला तरी ओढ नाही. एकदा तर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. वर बसलेल्या पोरानं आम्हाला टाटा केला. ते जास्त लागलं.

बॉनेट उघडलं की माणसं कुठून उगवतात देव जाणे. आणि त्यांचे लगेच दोन पक्ष पडतात: पेट्रोलवाले आणि करंटवाले. पेट्रोलवाल्यांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड कार्बोरेटरातल्या कचऱ्यातून निघतो. करंटवाल्यांना प्लग सोडून काही दिसत नाही. दोन बाजूंच्या मधोमध उभं राहायची सवय सीमाभागातल्या माणसाला उपजतच असते, त्यामुळे मी बॉनेट धरून गप्प उभा राहिलो.

मामा कट्टर पेट्रोलवाले. "व्हेपर लॉक. पंपात पेट्रोलची वाफ झालीया, दुसरं काय नाही," त्यांनी जाहीर केलं. थांबलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरनंही कानडीत "पंप बिसी आगैत्री", म्हणजे पंप तापलाय, म्हणून दुजोरा दिला. एवढं दोन्ही भाषांत एकमत झाल्यावर माझी काय टाप! आत्याचा पंचा पाण्यात बुडवून पंपावर गुंडाळला, सगळ्यांनी शेंगा खाल्ल्या आणि अर्ध्या तासानं गाडी चालू! मामा मिशीला पीळ देत पुढच्या सीटवर बसले, ते थेट संकेश्वरपर्यंत तोंड बंद न करता.

पुढच्या खेपेला गाडीत धाकटे भावोजी होते. करंटवाले. त्यांनी चारही प्लग काढले, पॉलिश पेपरनं घासले, गॅप बघितली, परत बसवले. अर्ध्या तासानं गाडी चालू! भावोजींनी हात पुसत माझ्याकडे जे बघितलं, तसं सर्जन ऑपरेशन थिएटरातून बाहेर आल्यावर बघतात. त्यानंतर कुणी जेट फुंकलं, कुणी पेट्रोल फिल्टर झटकला, कुणी टॅपेटचा आवाज ऐकत नुसताच डोळे मिटून उभा राहिला. गाडी प्रत्येकाच्या हातानं बरी झाली. आणि प्रत्येकाला लागला अर्धा तास.

काकांचा पक्ष तिसराच. "फियाट घेतलीस तिथंच घोळ झाला बघ," एवढंच त्यांचं निदान. त्यांची लाडकी अंबॅसडर 2014 साली कारखान्यातून निघायची बंद झाली, बेळगावचं बेळगावी झालं त्याच वर्षी. दोन्ही विषय त्यांच्यासमोर काढायचे नसतात.

शेवटी उद्यमबागेतल्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं सगळी कहाणी ऐकून घेतली आणि म्हणाला, "अर्ध्या तासात काय काय गार होतंय, ते बघूया की."

त्यानं खानापूर रोडला गाडी पिदडली, मिसिंग, म्हणजे त्या उचक्या, सुरू होताच गॅरेजात आणली आणि इंजिन तापलेलं असतानाच कामाला लागला. आयडलवर एकेक प्लगची वायर काढून बघितली. प्रत्येक वेळी इंजिनाचा वेग तेवढाच पडला. म्हणजे एकट्यादुकट्या सिलिंडरचा गुन्हा नव्हे. चौघांना जिथून मिळतं तिथंच खोट. मग डेल्कोचं, म्हणजे चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढलं. आतले पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे तुकडे, निळे-काळे पडलेले. स्विच ऑन ठेवून स्क्रू ड्रायव्हरनं पॉइंट उघडले, तर पॉइंटवरच टपोरी ठिणगी, आणि कॉइलच्या मधल्या वायरीतून मात्र आजारी, पिवळट.

"कंडेन्सर," मिस्त्री म्हणाला.

करंगळीएवढी ती पत्र्याची डबी. पॉइंट उघडले की कॉइल 12 व्होल्टांचे हजारो व्होल्ट करते. पण त्यासाठी करंट झटक्यात तुटायला हवा. पॉइंटवर ठिणगी उडून तो रेंगाळू नये, हे कंडेन्सरचं काम. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा पॉइंट सेकंदाला 100 वेळा उघडतात. आमचा कंडेन्सर तापला की आतून गळायचा, गार झाला की पुन्हा शहाणा. घाटात सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, आणि नेमके तिथंच ते कमी पडायचे. मामांचं फडकं, भावोजींचा पॉलिश पेपर, ट्रकवाल्याचं ज्ञान, सगळ्यांनी मिळून खरं तर एकच औषध दिलं होतं: शेंगा खात बसणं.

नवीन कंडेन्सर दुकानात नव्हता. मिस्त्री गॅरेजमागं गेला आणि भंगारात काढलेल्या एका अंबॅसडरचा कंडेन्सर उपटून घेऊन आला. पॉइंट नवे घातले, कंडेन्सर वायरीनं जोडून बाहेरच्या बाहेर स्क्रूनं आवळला. "दिसायला बरा नाही, पण चालतंय की," म्हणाला.

चालतंय म्हणजे काय, तवंदी घाट तिसऱ्या गिअरात! एक उसाचा ट्रॅक्टर मागे टाकला, मुद्दाम हॉर्न वाजवून. मामा अजूनही म्हणतात की कार्बोरेटर त्यांनी साफ केला होता म्हणूनच, आणि ओलं फडकं डिकीतून काढू देत नाहीत.

कंडेन्सरची गोष्ट गल्लीत फुटायला नको होती. पण भावोजी बोलले.

"अर्धी अंबॅसडर झालीच की रे," काका गॅलरीतून ओरडले, "आता उरलेली अर्धी पण करून टाक!"