सीडीआरचं बाड

काही वर्षांपूर्वी एक पक्षकार ऑफिसात आला आणि कापडी पिशवीतून कागदांचं बाड काढून त्याने टेबलावर ठेवलं. घटस्फोटाचं प्रकरण होतं. बाड म्हणजे बायकोच्या मोबाईलचा सहा महिन्यांचा सीडीआर, म्हणजे कुणाशी कधी फोन झाला आणि तेव्हा मोबाईल कोणत्या टॉवरखाली होता याची मोबाईल कंपनीकडची नोंद. त्यात एक नंबर पिवळ्या हायलायटरने रंगवलेला.

"कुठून आणलात?"

"मिळतो साहेब, पैसे टाकले की."

बघायचं नाही म्हणत म्हणत मी पहिलं पान बघितलंच. दोन मिनिटांत कळलं की बाई सकाळी किती वाजता घराबाहेर पडते, कोणत्या टॉवरखाली दिवस काढते, कोणत्या रात्री माहेरी होती. बोलणं एका अक्षराचं नाही. म्हणून "कॉल थोडेच ऐकतात, नुसती नोंद तर ठेवतात" असं कुणी म्हणालं की मला ते पान आठवतं.

ही नोंद पूर्वी कंपन्यांना किमान एक वर्ष ठेवावी लागायची. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार खात्याने ती मुदत दोन वर्षं केली, तीही परवान्याची अट बदलून. संसदेत चर्चा नाही, काही नाही. युरोपात सहा महिने ते दोन वर्षं सगळ्यांचाच डेटा ठेवायला लावणारा नियम युरोपियन युनियनच्या न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये रद्दच केला होता.

तरी सीडीआर नकोच, असं मी म्हणणार नाही. अपहरणाच्या तपासात पोलिस आधी तोच काढतात, आणि काढलाच पाहिजे. माझा एक अशील टॉवर लोकेशनवरच सुटलाय. घटनेच्या वेळी तो चाळीस किलोमीटर लांब होता. पण ते रेकॉर्ड मिळवायला आम्हाला कोर्टात अर्ज, त्यावर सरकारी वकिलांचं म्हणणं, मग तारखा. तोवर कंपनीकडची मुदत संपत आलेली. पोलिसांना मात्र एसपी किंवा डीसीपीच्या मंजुरीचं पत्र पुरतं. फोन ऐकायचा तर गृहसचिवांचा आदेश लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालापासून त्या आदेशांवर पुनर्विलोकन समितीही आहे. सीडीआरला त्यातलं काही नाही.

आणि एसपीची अट तरी कधी आली? २०१३ मध्ये दिल्लीत एका पोलिस शिपायाने वरिष्ठांचा ईमेल वापरून अरुण जेटलींचा सीडीआर मागवला, तेव्हा. ते राज्यसभेत विरोधी पक्षनेते होते म्हणून बोभाटा झाला. पुढे २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारे खासगी गुप्तहेर पकडले. म्हणजे अट आल्यावरही बाजार चालूच होता.

माझं म्हणणं एवढंच. दोन वर्षं ठेवा, पण कपाट उघडायला मॅजिस्ट्रेटची सही लागू दे, पोलिसांना आणि आरोपीलाही. जीव धोक्यात असेल तर आधी उघडा, अठ्ठेचाळीस तासांत सही घ्या. आणि तपास संपल्यावर ज्याचा सीडीआर काढला त्याला पत्र पाठवा.

ते बाड मी पिशवीत परत घालायला लावलं, प्रकरणही घेतलं नाही. पण त्या बाईला मीसुद्धा काही कळवलं नाही.