टांगत्या कुंडीचे भोक बुजवू नका

‘टांगत्या कुंडीचे भोक बुजवा, तळाशी चार बोटे खडी घाला, जादा पाणी खडीत उतरेल आणि खालच्या मजल्यावर थेंबही पडणार नाही,’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. डोंबिवलीच्या माझ्या मावशीने तो वाचून पेटुनिया या फुलझाडाच्या तीन कुंड्या तशाच भरल्या. रोपांनी माना टाकल्यावर तिने मला विचारले, ‘पाणी कमी पडलं का गं?’ आम्ही एक कुंडी उपडी केली, तेव्हा मुळे काळी आणि लिबलिबीत झालेली होती, आणि खडीतल्या पाण्याला कुबट वास येत होता.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. भोक बुजवले की पाण्याला वाट उरत नाही. मुळे कुजतात, कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीतही रोप सुकलेले दिसते आणि माणूस आणखी पाणी घालतो. भोक उघडे ठेवले तरी खडीने निचरा सुधारत नाही. मातीच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि वरची माती तुडुंब भिजेपर्यंत ते खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही, हे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या उद्यानविद्यातज्ज्ञ लिंडा चॉकर-स्कॉट यांनी सविस्तर मांडले आहे. पंधरा सेंटिमीटर खोल कुंडीत पाच सेंटिमीटर खडी घातली, तर मातीच्या तळाचा चिंब थर पूर्वीइतकाच जाड राहून पाच सेंटिमीटर वर सरकतो आणि मुळांच्या वाट्याची मोकळी माती तेवढी घटते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर खापराचा एक तुकडा ठेवणे ठीक आहे, पण तेवढेच.

थेंबांची तक्रार मात्र खरी आहे. खालच्या बिऱ्हाडाचे वाळत घातलेले कपडे खराब होतात. त्यासाठी कुंडी उतरवून न्हाणीघरात भरपूर पाणी द्यावे, पूर्ण निथळू द्यावे आणि मग परत टांगावी.

त्याच संदेशातले ‘रोज दोन वेळा पाणी’ हे वैशाखात, वाऱ्यावर टांगलेल्या काथ्याच्या लहान टोपलीपुरते खरे आहे, एवढे मान्य करते. पावसाळ्यात तोच नियम पाळल्यास रोप मरेल. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी द्यावे.

त्यातले ‘अंड्याची टरफले घातली की खत नको’ हेही चूक आहे. टरफले फार हळू कुजतात, कुंडीत भरतात त्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, अन्नद्रव्ये नगण्य असतात, आणि असतात तीही वारंवारच्या पाण्याने वाहून जातात. फुलझाडांना दर पंधरा दिवसांनी पातळ द्रवखत द्यावे.

संदेशातला शेवटचा सल्ला कुंडी नायलॉनच्या दोरीने टांगण्याचा आहे. उन्हात ती कमकुवत होत जाते, आणि भिजलेल्या कुंडीत मातीने धरलेल्या दर लिटर पाण्याचेच एक किलो वजन असते. मावशीच्या गॅलरीखालून शाळेची मुले जातात. आम्ही तिन्ही दोऱ्या काढून साखळ्या लावल्या आणि छतात पक्के हूक बसवून घेतले.