अतिक्रमणाची गाडी आली की कायदा कुठे जातो?

पुण्यात भाजी आणायला बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी पाहिलंय. महापालिकेच्या अतिक्रमण खात्याची 'गाडी आली' अशी ओरड होते आणि पथारीवाल्या बायका टोपली, तराजू, पोर, जे हाताला लागेल ते घेऊन गल्लीत पळतात. जिला पळणं जमत नाही तिचा माल टेम्पोत फेकला जातो, मेथी-कोथिंबीर पायाखाली तुडवली जाते. आईच्या वयाच्या बाईला 'ए, चल, उचल!' असं दरडावतात. आपण पिशव्या धरून बघत उभे.

फुटपाथ मोकळे हवेत, हे मलाही मान्य आहे. म्हाताऱ्या माणसांना भर वाहतुकीतून चालावं लागतं तेव्हा जीव धास्तावतो. म्हणून कारवाई करा ना, पण माणसाची अब्रू कशाला घालवता? तो अधिकार कुठल्याही खात्याला कुणी दिलेला नाही.

पथविक्रेत्यांचा कायदा 2014 पासून आहे. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हुसकावू नये, असं त्यात लिहिलंय. जागेवरून काढायचं तर 30 दिवसांची नोटीस द्यायची. माल जप्त केला तर यादी करून तिची प्रत विक्रेत्याच्या हातात द्यायची. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी सोडायचा, बाकीचा कामकाजाच्या 2 दिवसांत. उधारीवर घेतलेली भाजी संध्याकाळपर्यंत सुटली नाही तर त्या बाईने दुसऱ्या दिवशी काय विकायचं? कायदा करणाऱ्यांना हे कळत होतं. राबवणाऱ्यांना का कळू नये?

जगण्याच्या हक्कात सन्मानाने जगणं येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1981 सालीच सांगितलं. 1985 मध्ये मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात उपजीविकाही त्यात आली. हटवायचा अधिकार न्यायालयाने काढून घेतला नाही, पण आधी माणसाचं म्हणणं ऐका, असं बजावलं. व्यक्तीची प्रतिष्ठा तर राज्यघटनेच्या उद्देशिकेतच आहे. दर 26 नोव्हेंबरला सरकारी कार्यालयांत ती मोठ्याने वाचतात. वाचणाऱ्यांच्याच हाताखालची माणसं रस्त्यावर अशी वागतात, याची मला चीड येते.

आणि हे बाबा आढावांचं पुणं! हमाल आणि पथारीवाले संघटित होऊन हक्क मागायला शिकले, ते याच शहरात.

पुन्हा गाडी आलेली दिसली तर कृपा करून निघून जाऊ नका. थांबा, आणि जप्तीची यादी केली का, प्रत दिली का, एवढं मोठ्याने विचारा. ती बाई एकटी असते तेव्हा तिला कुणी उत्तर देत नाही. चार गिऱ्हाइकं सोबत उभी राहिली तर द्यावं लागेल.