इमारत पडली म्हणजे चर्च संपलं?

रायगड जिल्ह्यातल्या रेवदंड्यावरच्या एका लेखात म्हटलंय की 1740 मध्ये पोर्तुगीज गेले आणि तिथलं चर्च संपलं. हे मला पटत नाही. इंग्रजी पुस्तकांतून माहिती घेताना इथेच गफलत होते, कारण तिकडे ‘चर्च’ या एकाच शब्दात बरंच काही सामावलंय. इमारत तर आहेच. ‘आय ॲम गोइंग टू चर्च’ म्हणणारा उपासनेला निघालेला असतो. ‘चर्च आणि स्टेट वेगळे हवेत’ म्हणतात तेव्हा धर्मसत्ता अभिप्रेत असते. आणि बायबलमधला अर्थ माणसांचा. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल प्रिस्किल्ला आणि अक्विला या ख्रिस्ती जोडप्याच्या घरातल्या ‘चर्च’ला सलाम सांगतो, तेव्हा घर साधंच असतं, चर्च म्हणजे तिथे जमणारे लोक. मराठी बायबलात तिथे ‘मंडळी’ आहे, किती नेमकं!

आता रेवदंड्याच्या किल्ल्यात जा. सातखणी मनोरा अजून उभा आहे, बाकी पडक्या भिंती आणि माडांची दाटी. पण कुंडलिका नदीच्या मुखापलीकडे कोर्लई गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च नांदतं आहे. तिथली कॅथलिक मंडळी आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली आपली बोली बोलतात. पोर्तुगीज सत्ता गेली तरी ही माणसं इथेच राहिली, शेती-मासेमारी करत राहिली. त्यांना वगळून ‘चर्च संपलं’ लिहिणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. लेखकांनी ते वाक्य कृपया बदलावं. इमारत पडली, एवढंच लिहा.